घोडीचा अभिप्राय

आमच्या घोडीच्या पायांखाली काय घालावं, यावर आमच्या घरात दोन महिने कमिटी बसली होती. हसू नका. बडोद्यात तेव्हा कशावरही कमिटी बसायची, आणि ज्या घरातला कर्ता पुरुष सरकारी नोकरीत, त्या घरात वांगी करायची की भेंडी याचासुद्धा ठराव व्हायचा. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानाच्या बांधकाम खात्यात होते. रस्ते, मोऱ्या, पूल यांतच त्यांचा जन्म गेलेला. घरी आले की पगडी खुंटीवर जायची, पण खातं काही डोक्यातून उतरायचं नाही. एकदा सासूबाईंनी लोणच्याला मीठ किती घालू विचारलं, तर म्हणाले, "मागच्या सालचं काय प्रमाण होतं ते आधी दाखवा."

मी त्या घरात सून म्हणून आले ती सोळाव्या वर्षी. मला शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. माहेरी हे बोलले असते तर आईनं लाटणं दाखवलं असतं. पण मामंजींची हरकत नव्हती. महाराज सरकार मुलींसाठी शाळा काढतात आणि आपण त्यांचं मीठ खाऊन सुनेला चुलीपाशी बसवायचं, ही बेइमानी आहे, असं ते सासूबाईंना सांगायचे. अट मात्र एक होती. घरच्या सुनेनं रावपुऱ्याच्या भर रस्त्यातून पायी जायचं नाही, आणि भाड्याच्या टांग्यात तर नाहीच नाही. घरची बंद गाडी, घरची घोडी, घरचा मोतद्दार. गाडी जोडली तर मी मुलींच्या ट्रेनिंग शाळेत जायची, नाही जोडली तर घरी बसायची. म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या घोडीच्या चार पायांवर उभं होतं.

घोडी तांबूस रंगाची, चांगली पोक्त, आणि स्वभावानं माझ्यासारखीच. मनासारखं झालं नाही की पाय आपटायची. तबेल्याची जमीन मातीची होती, तिथं पाय आपटून आपटून तिनं खड्डा पाडला होता. त्या खड्ड्यात ओल साचायची, वास यायचा, आणि खूर नरम पडतात अशी मोतद्दाराची कुरकुर असायची. मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, वयानं म्हातारा, बोलणं अर्धं मराठी अर्धं गुजराती. त्याचं म्हणणं एवढंच होतं की खड्डा मुरमानं भरून द्या. पण मामंजी एका सरदारांच्या तबेल्यात नुकतेच फरशी पाहून आले होते. ते कसले मुरमावर थांबतात!

फरशी झाली. एकेक दगड घासून असा गुळगुळीत केला की त्यात घोडीचं तोंड दिसावं. पाणी वाहून जायला उतार दिला, उताराच्या टोकाला नाली, नालीवर जाळी. मामंजी आल्यागेल्याला दिवाणखान्याऐवजी तबेला दाखवू लागले. पाहुणे माना डोलवायचे, "वाह, साहेब!" म्हणायचे. घोडी मात्र दुसऱ्याच दिवशी मागच्या पायांनी सटकली आणि धाडकन गुडघ्यावर आली.

लागलं फार नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं बसणं सोडलं. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं हे खरं, पण त्यालाही कधीतरी अंग टाकायचं असतं. आमची घोडी बसेचना, कारण बसायचं तर पाय दुमडायचे आणि पाय दुमडले की घसरायचं. चोवीस तास उभं राहून ती इतकी शिणली की रस्त्यात ठेचकाळू लागली. एकदा तर न्यायमंदिरासमोर अशी अडखळली की माझी वह्यापुस्तकं गाडीभर झाली आणि कपाळाला टेंगूळ आलं. मी घरी काही बोलले नाही. बोलले असते तर शाळा बंद. पण टेंगूळ काही पदराखाली झाकत नाही.

मामंजींनी टेंगूळ पाहिलं. मला काही म्हणाले नाहीत, कारण ते माझ्याशी बोलत नसत आणि मीही त्यांच्याशी बोलत नसे. सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत. आमचं बोलणं सासूबाईंच्या मार्फत चाले, मी दाराआड आणि ते खुर्चीत. तर ते सासूबाईंना म्हणाले, "फरशीवर काहीतरी अंथरायला हवं. अंथरी कोणत्या प्रतीची असावी याचा विचार करू." विचार करू म्हणजे कमिटी, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

कमिटीत मामंजी, सासूबाई आणि आमचे हे. हे कचेरीत कारकून होते आणि यांचं मत म्हणजे वडिलांच्या मताची शाई न वाळलेली नक्कल. माझं अक्षर चांगलं, म्हणून दाराआड बसून हकिगत लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ज्यानं वीस वर्षं घोडे सांभाळले तो मोतद्दार कमिटीत नव्हता. त्याला नमुने आत-बाहेर करायला ठेवला होता.

नमुने तीन आले. पहिली गवताची चटई, छाणीकडच्या एका विणकरानं विणलेली, हिरवी गार आणि वासाला गोड. दुसरा काथ्याचा जाड पट्टा, घडियाळी पोळ म्हणतात त्या गल्लीतल्या दुकानातून आणलेला, त्याला कडेनं लाल नक्षी. तिसरी मुंबईहून मागवलेली रबराची चटई, काळी कुळकुळीत, बोटभर जाड. ती उलगडली तेव्हा घरभर असा वास सुटला की सासूबाईंनी उदबत्ती लावली.

आता नमुने कुठं तपासायचे? तुम्ही म्हणाल, तबेल्यात. छे! माजघरात. मामंजींचं म्हणणं, जनावराला बोलता येत नाही, तेव्हा ज्याला बोलता येतं त्यानं उभं राहून सांगावं. मग काय, रोज संध्याकाळी चहा झाला की एकेकानं अनवाणी एकेका चटईवर पाव तास उभं राहायचं आणि अभिप्राय द्यायचा. मामंजी घड्याळ घेऊन बसायचे. हे काथ्यावर उभे राहिले की पाय आळीपाळीनं वर घ्यायचे, आणि विचारलं की म्हणायचे, "टोचत नाही तसं." सासूबाईंनी गवताच्या चटईवर बसून निवांत भाजी चिरली आणि अभिप्राय दिला की ही स्वयंपाकघराला छान आहे. मामंजी रबरावर उभे राहिले, एकदा टाचांवर झुलले, एकदा चवड्यांवर झुलले, आणि डोळे मिटून "आहाहा" म्हणाले. मी दाराआडून लिहिलं, "रबर : आहाहा." ते त्यांनी वाचलं आणि खोडून त्या जागी "समाधानकारक" केलं.

दाराआड बसून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, ती घोडी तिकडे तंगड्या आखडून उभी, माझी परीक्षा तोंडावर आलेली, आणि ही तीन शहाणी माणसं माजघरात चटयांवर झुलतायत! पण बोलणार काय? मूग गिळून लिहीत राहायचे.

सगळ्या चर्चेत दोन महिने गेले. मधल्या काळात गवताची चटई दोन दिवस घोडीखाली घालून पाहिली, ती तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काठासकट खाल्ली. काथ्याच्या पट्ट्यात तिच्या नालेचा खिळा अडकून नाल निघाली आणि नालबंदाला बोलवावं लागलं. उरलं रबर. ठराव एकमतानं झाला. मुंबईहून आणखी चार चटया आल्या, अख्ख्या फरशीवर त्या एकीला एक लावून घातल्या, मामंजींनी स्वतः दोरी धरून कडा सरळ आहेत की नाही पाहिलं. घोडीनं आधी फुरफुर करून वास घेतला, मग एक पाय ठेवून काढला, शेवटी मोतद्दारानं गूळ दाखवला तेव्हा आत गेली. दोन दिवस बरे गेले. मलाही वाटलं, चला, सुटले एकदाची.

तिसऱ्या दिवशी काय झालं, रबराच्या खाली ओल गेली. वर रबर, खाली घासलेला दगड आणि त्याला मामंजींनी मोजूनमापून दिलेला उतार. घोडीनं सवयीनं पाय आपटला मात्र, चटई तिला घेऊन सरळ नालीपर्यंत गेली. घोडी पुन्हा त्याच गुडघ्यावर पडली. या वेळी गुडघा नारळाएवढा सुजला.

मामंजी तबेल्याच्या दारात बराच वेळ उभे राहिले. मग घरात येऊन सासूबाईंना म्हणाले, "जनावरच खोडीचं आहे. इतकं केलं तरी टिकत नाही. परीक्षा आठ दिवसांवर आलीय, तेवढी होईपर्यंत गाडी हळूहळू हाकायला सांगा. परीक्षा झाली की घोडी काढून टाकू." आणि कागदपत्रांचं ते पुडकं फडताळात ठेवून दिलं.

म्हणजे माझी परीक्षा सुखरूप होती. मला आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी झालाही. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसले तर पुढून तिचा श्वास ऐकू येत होता. दर पावलाला कण्हल्यासारखा. शाळेत त्या दिवशी काय शिकवलं ते मला काही आठवत नाही.

सकाळची शाळा आटोपून परत आल्यावर मी मोतद्दाराला गाठलं. "तुम्हांला काय वाटतं, हिला खाली काय हवं?"

तो म्हणाला, "मला कोणी पुसलं नाही, वहिनीसाहेब."

"मी पुसतेय ना!"

"मला नका पुसू, तिला पुसा," तो म्हणाला. "मोकळी सोडा. जिथं बसेल ते तिचं."

अंगणात घोडी सोडायची नाही हा सासूबाईंचा कायदा, कारण तिथं त्यांचे पापड आणि सांडगे वाळत. पण जेवणं झाल्यावर दीड-दोन तास सगळं घर घोरत असायचं. मी पापड उचलले. आम्ही अंगणात उरलेला काथ्याचा पट्टा अंथरला, शेजारी रबर अंथरलं, आणि तिसरीकडे घरातली जुनी सतरंजी टाकली. मग दावं सोडलं. घोडी लंगडत रबरापाशी आली, वळसा घातला. काथ्याकडे पाहिलंही नाही. सतरंजीचं टोक चावून सोडून दिलं. सरळ लिंबाच्या झाडाखाली गेली, जिथं नुसती माती होती, थोडा मुरूम, थोडा पाचोळा. तिथं दोनदा गोल फिरली, पुढचे पाय हळूच दुमडले आणि बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा बसली! मग आडवी झाली, मान टाकली आणि खुशाल घोरायला लागली. मला रडूच कोसळलं. मोतद्दार तिकडे तोंड करून उगाच खरारा झटकत राहिला.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी तेच. तिला चटई नकोच होती हो. तिला फरशी नको होती.

रात्रीच्या जेवणानंतर मी यांना सांगितलं. हे घाबरून म्हणाले, "बाबांना सांगणार? त्यांची फरशी चुकली म्हणून?"

"मग काय घोडी चुकली म्हणू?"

"अगं, विचार कर. फरशी उखडली, नवीन जमीन केली, तर ती वाळेपर्यंत आणि तिचा गुडघा उतरेपर्यंत गाडी जोडता यायची नाही. तुझी परीक्षा सोमवारी. पाच-सहा दिवस गप्प बस. परीक्षा होऊ दे, मग सांगू."

"मग सांगून काय? तोवर ती कोणाच्या तरी खटाऱ्याला जुंपलेली असेल."

 यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचाच तर मला राग आला होता. परीक्षा गेली की वर्ष गेलं, आणि वर्षानं माझ्या मांडीवर मूल असलं तर पुस्तक कुठलं! हे मला कळत होतं. पण त्याच गुडघ्यावर चार फेऱ्या मारून मी मास्तरीण व्हायचं, हे मला गिळता येईना. मी दिवा ओढला आणि कागद घेतला. तोंडानं बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. मामंजींना जी भाषा समजते त्याच भाषेत लिहिलं.

"विषय : तबेल्यातील अंथरी. कमिटीने सर्व संबंधितांचे अभिप्राय घेतले, परंतु घोडीचा अभिप्राय घेण्याचे राहून गेले. सबब तो तीन दिवस दुपारी घेण्यात आला. घोडीचे म्हणणे असे की, रबर, काथ्या व सतरंजी यांपैकी काहीही नको. तिला मातीची व मुरमाची जमीन पसंत आहे. तिने तिन्ही दिवस तिच्यावर निजून दाखविले. घोडी खोडीची नाही. फरशी निसरडी आहे. अंगणातले पापड उचलल्याबद्दल लिहिणारीला क्षमा असावी. निकालासाठी सादर."

सकाळी तो कागद मी त्यांच्या चष्म्याखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन लपले.  मामंजींनी कागद वाचला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. दुपारी मी घोडी सोडली तेव्हा माडीवरच्या खिडकीत ते उभे होते. त्या दिवशी ते कचेरीतून लवकर आले होते. घोडी लिंबाखाली गेली, फिरली, बसली. ते तिथंच उभे. मी मान वर केली नाही.

संध्याकाळी कागद परत आला. खाली लाल शाईनं शेरा होता : "पाहिले. फरशी उखडावी. मुरूम टाकून चोपावा. तोवर घोडी लिंबाखाली बांधावी. तीन आठवडे गाडीस जुंपू नये. विकण्याचा विचार रद्द." खाली सही.

घोडी वाचली. माझ्याबद्दल त्या शेऱ्यात अक्षर नव्हतं. मी तो कागद चारदा वाचला, मागची बाजूसुद्धा पाहिली. मग पुस्तकं ट्रंकेत भरली आणि वर माझी जाड लुगडी ठेवली, म्हणजे दिसायला नकोत. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या.

सोमवारी सकाळी मी चुलीपुढं पोळ्या लाटत होते. एकेक पोळी अशी आपटत होते की पोळपाट दुभंगला असता. बाहेर सासूबाईंचा आवाज आला, "भाड्याचा टांगा तरी बोलवू का?" आणि मामंजींचा, "मुळीच नाही. त्याचं घोडं कसल्या फरशीवर उभं असतं कुणास ठाऊक." मग म्हणाले, "तिला म्हणावं, पोळ्या ठेव. चालता येतं ना म्हणावं?"

मी बाहेर आले तर मामंजी दारात. पगडी, अंगरखा, पायांत जोडा, हातात छत्री. ज्या माणसानं सुनेला गल्लीच्या टोकापर्यंत पायी जाऊ दिलं नव्हतं तो माणूस! मी ट्रंक उघडून पुस्तकं कशी काढली, लुगडं कधी बदललं, मला काही कळलं नाही.

ते पुढं, मी दहा पावलं मागं, पदर कपाळापर्यंत. रावपुऱ्याचा रस्ता सकाळचा भरलेला. सगळे ओळखीचे, सगळे नमस्कार करणारे, आणि सगळ्यांचे डोळे आधी त्यांच्यावर आणि मग माझ्यावर. मला वाटलं, धरणी फाटावी. आमचा धान्यवाला दुकानातून उठून बाहेरच आला. "केम साहेब, आजे पगे चालीने? गाडी क्यां?"

मामंजी थांबले. मी खाली पाहत उभी राहिले. आता काहीतरी सबब सांगतील, चाक मोडलंय म्हणतील, असं मला वाटलं.

ते म्हणाले, "घोडीने आराम छे. फरस में खोटी नाखेली, भाई. मारी ज भूल."

फरशी मी चुकीची घातली, चूक माझीच. घरात मराठीत हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. भर रस्त्यात, गुजरातीत, धान्यवाल्याला सांगून मोकळे झाले.  "चाले, साहेब, चाले," म्हणत धान्यवाला आत गेला.

मामंजी पुढं निघाले नाहीत. मागं वळले आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मागे का राहतेस? तू पुढं हो. परीक्षा तुझी आहे, मी सोबतीला आहे."

मी त्यांच्या पुढं झाले. शाळेच्या फाटकापर्यंत मी पुढं चालले आणि त्यांचा जोडा माझ्या मागं वाजत होता, आणि सगळ्या रस्त्यानं ते पाहिलं.